पंगतीत बसल्यावर

(1995च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नांदेड येथे केलेलं भाषण)



या सभागृहात माईकसमोर मी याआधी एकदाच उभी राहिले होते. नववीत, वक्तृत्व स्पर्धेत. तिसऱ्या वाक्याला विसरले आणि खाली उतरले. म्हणून आज कागद घेऊन आले आहे. मराठीच्या बाई समोरच बसल्या आहेत. त्यांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या. आज मी तिसरं वाक्य ओलांडलं, याबद्दल त्यांनी मनातल्या मनात तरी वाजवाव्यात.

संयोजकांना वाटलं होतं की मी सॉफ्टवेअरमधली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन. 'एआय आपल्या मुलांच्या नोकऱ्या खाणार का' असा विषय त्यांनी सुचवलाही. मी म्हटलं, खाण्यावरच बोलते, पण वेगळ्या. मी बोलणार आहे आपल्या गावच्या गुरुद्वाऱ्यावर, तिथल्या प्रसादावर आणि लंगरवर. आपल्याला वाटतं, त्यात काय नवीन? सायकलवरून शाळेत येताना त्याचा कळस दिसायचा. पाहुणे आले की त्यांना दाखवायला न्यायचं, तलावाकाठी फोटो काढायचा, परत यायचं. मलाही वाटायचं की मला सगळं ठाऊक आहे. आमचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर. मी शीख नाही, अभ्यासकही नाही. वीस मिनिटांचं अंतर कापायला जिला जवळपास तीस वर्षं लागली, अशा एका बाईचं हे मनोगत समजा.

सुरुवात सातवीपासून करते.

माझ्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी शीख होती. आपण सगळे तिला ओळखता. तिचं घराणं दखनी शिखांचं. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात हजूर साहिबची आजची वास्तू बांधवली, तेव्हा आलेले लोक आणि निजामाच्या चाकरीत आलेले शीख सैनिक यांचे वंशज इथेच राहिले, इथलेच झाले. त्यामुळे घरात तिची भाषा काहीही असो, वर्गात ती माझ्यापेक्षा फर्डं मराठी बोलायची. भांडताना तर विशेष.

गुरू नानक जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तिने मोठा स्टीलचा डबा आणला. आत कडाह प्रसाद. आपल्या शिऱ्यासारखा दिसतो, पण रव्याचा नाही, गव्हाच्या पिठाचा, तुपाने ओथंबलेला. तिच्या आईने, म्हणजे आपल्या काकूंनी, पहाटे उठून, अंघोळ करून, पाठ म्हणत म्हणत तो केला होता. मधल्या सुट्टीत ती एकेकाच्या हातावर ठेवत गेली. माझ्याही. मी दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेतला, 'थँक्यू' म्हटलं आणि नळाकडे गेले. तिथे कोणी नाही असं पाहून तो पाण्याखाली धरला. तुपामुळे लवकर जाईना. बोटांनी घासून धुतला.

वळून पाहिलं तर ती मागे उभी होती. हातात पाण्याची बाटली. भरायला आली होती.

ती काही बोलली नाही. मीही नाही. नंतर तीन वर्षं आम्ही त्याच बाकावर बसलो. तिने मला भूमितीची प्रमेयं समजावली, मी तिचे निबंध तपासले. पण तिने आपला डबा माझ्यासमोर पुन्हा कधी उघडला नाही. मधली सुट्टी झाली की ती उठून मागच्या बाकावर जायची.

हे मी का केलं? कारण आमच्या घरात नियम होता, बाहेर कोणाच्याही हातचं शिजवलेलं खायचं नाही. नियम आजीचा. तिला मी वाईट म्हणणार नाही. पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणणारी, दारी आलेल्याला रिकाम्या हाती न पाठवणारी बाई होती ती. पण देताना पीठ द्यायची, घेताना कोणाकडून पाणीही घ्यायची नाही. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो. खरं नाव वेगळं होतं आणि ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लग्नकार्यात आमच्याकडेही पंगत बसायची. शब्द तोच. पण पहिल्या पंगतीला कोण, दुसऱ्या पंगतीला कोण आणि अंगणाच्या कडेला वेगळं कोण, हे न विचारता ठरलेलं असायचं. बारा वर्षांची मुलगी असल्या गोष्टी शिकवल्याशिवाय शिकते.

पुढे मी अभियांत्रिकीला विष्णुपुरीच्या महाविद्यालयात गेले. त्याचं नावच श्री गुरू गोविंदसिंगजींचं. चार वर्षं प्रत्येक जर्नलवर, प्रत्येक हॉल तिकिटावर मी ते नाव लिहिलं. त्या नावाचा माणूस आपल्या गावात येऊन काय करून गेला, हे मात्र कधी मुळातून वाचलं नाही. आता वाचलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

गुरू गोविंदसिंग 1708 साली नांदेडला आले. चारही मुलं गमावलेला, आयुष्यभर लढलेला माणूस. इथेच गोदाकाठी त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला, जो पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला. इथेच त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि 7 ऑक्टोबर 1708 रोजी त्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी गुरूची गादी कोणा माणसाला दिली नाही. ती ग्रंथाला दिली. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आपल्या गावात आहे ते यामुळे. म्हणजे एका धर्माची इतकी मोठी गोष्ट जिथे ठरली, तिथे आपण सायकलला स्टँड लावून पेरू खात होतो.

आणि त्या ग्रंथात काय आहे? 1604 साली गुरू अर्जनदेवांनी त्याची पहिली संहिता सिद्ध केली. आज त्याची 1430 पानं आहेत. पान म्हणत नाहीत, 'अंग' म्हणतात, कारण तो देह आहे. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबिरांची वाणी आहे, रविदासांची आहे, बाबा फरीदांची आहे. आणि आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. ज्या नामदेवांचं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेच पंजाबात घुमानला बाबा नामदेव म्हणून पुजले जातात. 2015चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं, आठवत असेल.

थोडा विचार करा. नामदेव शिंपी, कबीर विणकर, रविदास चर्मकार. माझी आजी नामदेवांचे अभंग म्हणायची आणि डोळे पुसायची. माझी मैत्रीण ज्या ग्रंथापुढे डोकं टेकवायची, त्यातही नामदेवच. आम्हा दोघींच्या घरी तोच माणूस होता. मग मी नळाखाली नेमकं काय धुतलं?

हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडायला 2008 साल उजाडलं, आणि तेही इथे नाही, लंडनमध्ये.

मी एका बँकेच्या प्रकल्पावर तिकडे गेले होते. हाउन्स्लोला एका खोलीत राहायचे. त्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पाठोपाठ कितीतरी ठिकाणची कामं थांबली. आमचंही थांबलं. सोबतचे तिघे परत गेले. मला सांगितलं, पुढचं कळवेपर्यंत थांबा, ऑफिसला येऊ नका. पंधरा-वीस दिवस मी कोणाशीही बोलले नाही. बोलले ती दुकानातल्या माणसाशी, आणि तेही 'पिशवी नको' एवढंच. ज्यांनी नोकरीची अनिश्चितता पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल. पैशाच्या आधी आवाज जातो.

एका रविवारी भाजी आणायला साउथहॉलला गेले. तिथे तेव्हाच्या हॅवलॉक रोडवर श्री गुरू सिंग सभेचा मोठा गुरुद्वारा आहे, 2003 साली उघडलेला. सोनेरी घुमट, बाहेर उंच निशाण साहिब. पाऊस होता. खरं सांगते, भक्ती वगैरे काही नव्हती. पावसापासून आडोसा हवा होता आणि ते निशाण ओळखीचं होतं.

आत काय असतं, ते आपल्यापैकी जे कधी आत थांबले नसतील त्यांच्यासाठी सांगते. बूट जोडाघरात ठेवायचे. डोकं झाकायचं, जवळ काही नसेल तर तिथे रुमाल ठेवलेले असतात. दरबारात मूर्ती नाही. चांदव्याखाली मंचावर रुमाल्यांनी झाकलेला ग्रंथ, मागे बसून त्यावर चवरी ढाळणारा माणूस, बाजूला पेटी-तबल्यावर कीर्तन करणारे रागी. आपण जायचं, माथा टेकायचा आणि जिथे जागा मिळेल तिथे जमिनीवर बसायचं. मानाच्या खुर्च्या नाहीत. पहाटे ग्रंथ समारंभाने उघडतात, त्याला 'प्रकाश' म्हणतात. रात्री मिटून डोक्यावर किंवा पालखीतून विश्रांतीच्या जागी नेतात, ते 'सुखासन'. अरदास होते तेव्हा सगळे उठून हात जोडून उभे राहतात. मग ग्रंथ सहज कुठेतरी उघडून डाव्या पानाच्या वरचं पद वाचतात. तो त्या वेळचा 'हुकुम'. आपल्या हजूर साहिबला याखेरीज इथल्या खास प्रथा आहेत. गोदावरीचं पाणी रोज घागरीतून आणतात, संध्याकाळी दिव्यांची आरती होते. पंजाबात सहसा अशी आरती दिसत नाही. म्हणजे नदीने आणि या मातीने तिथल्या पूजेतही काही घातलं आहे.

तर साउथहॉलला मी मागे बसून राहिले. शब्द कळत नव्हते. उठताना एका सेवादाराने कडाह प्रसाद पुढे केला. मी दोन्ही हात पुढे केले आणि मला सातवीतला नळ आठवला. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब. मी तो प्रसाद तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. पीठ, साखर, तूप सम प्रमाणात, बाकी पाणी. एवढीच कृती. प्रसाद एका भांड्यातला, सगळ्यांना सारखा. ती समानता बोलून दाखवायची गरजच नसते, ती हातावर पडते.

मग लंगरच्या दालनात गेले. लांब पट्ट्यांवर लोक ओळीने बसलेले. माझ्या एका बाजूला इस्त्रीचा कोट घातलेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक इंग्रज माणूस, बहुधा घर नसलेला, सगळं सामान पिशवीत. वाढायला दहा-अकरा वर्षांचा मुलगा. तिथे पोळीला 'परशादा' म्हणतात. मी सवयीने एक हात पुढे केला. तो पोळी धरून थांबला. मग डोळ्यांनी खूण केली, दोन्ही. मी दोन्ही हात केले तेव्हा त्याने पोळी ठेवली. त्या मुलाने मला जेवायला शिकवलं म्हणायला हरकत नाही. डाळ, भाजी, खीर. भूक आहे का, कितवी पोळी, कुठून आलात, कोणाच्या ओळखीने, कोणीही काही विचारलं नाही.

मी ज्या धंद्यात आहे, तिथे प्रत्येक यंत्रणेचा पहिला प्रश्न असतो, तू कोण? नाव सांग, पासवर्ड सांग, मोबाइलवर आलेला आकडा सांग. हे प्रश्न विचारणाऱ्या खिडक्या लिहिण्यात माझी विशी गेली. आणि इथे शेकडो वर्षं एक व्यवस्था चालू होती, जिला हा प्रश्नच मान्य नव्हता. गुरू नानकांनी कर्तारपूरला ती सुरू केली. दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खिवी यांनी ती सांभाळली, आणि लंगरच्या संदर्भात त्यांचं नाव खुद्द ग्रंथात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी दंडकच घातला, आधी पंगत, मग संगत. आधी सगळ्यांच्या ओळीत बसून जेव, मग मला भेट. परंपरा सांगते की अकबर बादशहा आला, तोही आधी पंगतीत बसला. माझ्या आजीच्या पंगतीचं काम माणसं वेगळी करण्याचं होतं. या पंगतीचं काम नेमकं उलटं आहे. ती जिरवण्यासाठीच बसवलेली आहे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. जेवून उठले आणि अवघडल्यासारखं झालं. फुकट खाल्ल्यासारखं. मुदपाकखान्याच्या दारात उभी राहिले. तिथल्या एका आजीबाईंनी काही न बोलता स्वतः सरकून जागा केली आणि लाटणं हातात दिलं. बस्स. अर्ज नाही, मुलाखत नाही. मोठा तवा, त्याच्याभोवती शेकणारे पुरुष, आणि लाटणाऱ्या बायका. माझ्या पोळ्या नेहमीप्रमाणे भारताच्या नकाशासारख्या. कोणी नावं ठेवली नाहीत. त्याही फुगल्या, त्याही वाढल्या गेल्या.

तासाभराने आजीबाईंनी विचारलं, गाव कुठलं? मी सवयीने म्हटलं, मुंबईकडचं. परदेशात आपण सगळे असंच सांगतो ना? नांदेड म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं, मुंबई म्हणजे खास कुठलं? मी म्हटलं, नांदेड. हजूर साहिब.

त्यांचं लाटणं थांबलं. हाताचं पीठ त्यांनी ओढणीला पुसलं, माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. मी संकोचून हात ओढून घ्यायला लागले, तर सोडेनात. त्या जालंधरकडच्या. हजूर साहिबला एकदा जायचं, असं त्यांच्या यजमानांच्या मनात आयुष्यभर होतं, ते राहून गेलं. आणि मी तिथली मुलगी. तिथेच जन्मलेली. त्यांनी शेजारणींना सांगितलं, त्यांनी पलीकडे. कोणीतरी मला चहा आणून दिला.

माझ्या गावची मला लाज वाटायची, म्हणून मी मुंबईचं नाव सांगत होते. आणि त्या मला हात लावून डोळे मिटत होत्या. मी त्यांना सांगू शकले नाही की मी हजूर साहिबच्या लंगरमध्ये एकदाही जेवलेले नाही. एकदाही.

त्या रात्री बाबांना फोन केला. 2008चा ऑक्टोबर. गुरूगादीला तीनशे वर्षं झाली म्हणून नांदेडला लाखो लोक आले होते. रस्ते रुंद झाले होते, विमानतळ नवा झाला होता, आपलं गाव आपल्यालाच ओळखू येत नव्हतं. बाबा म्हणाले, "अगं, राहायला कुठेच जागा नाही म्हणून गल्लीत सगळ्यांनी खोल्या उघडल्यात. आपल्याकडे भटिंड्याचं एक कुटुंब आहे. आजीची खोली दिली त्यांना." आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. मी विचारलं, "जेवायचं कसं करतात?" बाबा म्हणाले, "ते लंगरला जातात. काल आम्हालाही घेऊन गेले."

म्हणजे बाबाही माझ्याआधी पोचले.

मी परत आल्यावर आम्ही दोघं गेलो. बाबांचे गुडघे दुखायचे, पण खाली बसले. आता वर्षातून दोनदा नांदेडला आले की मी एक सकाळ तिथे देते. भांडी घासायला मला जास्त आवडतं. आपण नळावर रांग लावायचो तशी तिथे लोक हौदांच्या दोन्ही बाजूंनी उभे असतात. खरकटं एकीकडे, मग साबण, मग एकामागून एक विसळणं. ताट शेवटी कोरडं होईपर्यंत पाच-सहा हातांतून जातं. त्यातला आपला हात कुठला, हे ताटाला कळत नाही.

एक इंजिनियरी शंका मला बरेच दिवस होती. अमृतसरला हरमंदिर साहिबच्या लंगरमध्ये पोळ्या करायची यंत्रं आहेत. तरीही लाटणाऱ्यांचे घोळके बसलेलेच असतात. मला वाटायचं, यंत्रं वाढवा, हा वेळ वाचेल. मग लक्षात आलं की मी फक्त पोळ्या मोजत होते. सेवेतून पोळी तयार होते हे खरं, पण लाटणारा माणूसही थोडा वेगळा होऊन उठतो. ते यंत्राकडून होणार नाही. लंडनला त्या रविवारी मला जेवणापेक्षा लाटण्याने वाचवलं. कोणाला तरी माझा उपयोग होता, नकाशासारख्या पोळ्यांसकट.

आता कोणी म्हणेल, बाई भारावल्या आहेत. तसं नाही. तिकडेही सगळं जमलेलं नाही. इंग्लंडमध्ये जातींच्या नावाने वेगळे गुरुद्वारे आहेत, साउथहॉलमध्येही रामगढिया समाजाचा वेगळा आहे. लग्नं जुळवताना जात तिथेही विचारली जाते. व्यवस्थापनावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. आपलं माणूसपण तिथे बाहेर काढून ठेवलेलं नसतं, जोडाघरात फक्त चपला राहतात. पण मला एक गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी समतेचा विचार माणसाच्या चांगुलपणावर सोडला नाही. त्याला रोजचं काम जोडून दिलं. मनात काहीही असो, बस खाली. पसर दोन्ही हात. घास ताट. आपल्याकडे विचार थोडे होते का? नामदेवांपासून सगळे सांगून गेले. आमच्या घरी ते रोज म्हटले जायचे. फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचे.

शेवटचं सांगते आणि थांबते.

ही नळाची गोष्ट मी आज इथे सांगणार होते, पण तिला न विचारता सांगणं बरं नव्हतं. म्हणून काल रात्री तिच्या घरी गेले. तीस वर्षांत फोनवर बोललो, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सुप्रभात पाठवतो, पण हे कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, तुला कदाचित आठवत नसेल. ती म्हणाली, "आठवतंय की."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी घरी गेले तर आईने विचारलं, आवडला का गं सगळ्यांना? मी सांगितलं, हो, सगळ्यांनी खाल्ला."

काकू आता नाहीत. बारा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि ते तसंच ठेवलं. माफी मागायला मी शब्द जुळवून गेले होते, ते सगळे तिथेच राहिले. तिने माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. उठून आत गेली आणि ताट वाढून आणलं. आम्ही दोघी जेवलो. तिने तिचा डबा माझ्यासमोर पुन्हा उघडला, असं मी समजते.

निघताना म्हणाली, "परवा सकाळी लंगरला ये. लाटायला हात कमी पडतात. आणि त्या सगळ्यांनाही घेऊन ये, नुसते फोटो काढत बसतील."

हा निरोप मी आपल्यापर्यंत पोचवते आहे. उद्या रविवार आहे. दुपारी आपापल्या गाड्या पकडण्याआधी सकाळी साडेसातला मी शाळेच्या फाटकाशी उभी असेन. डोक्याला रुमाल आणा. पोळ्या गोल आल्याच पाहिजेत अशी अट नाही. गणिताच्या सरांनाही चालेल, असं त्यांनी आत्ताच मान हलवून सांगितलं आहे.